ऑगस्टीनचे फेरवाचन

आत्महत्येविषयी बोलताना आपण ऑगस्टीनचा आधार घेतो. परंतु ‘देवाचे नगर’ या ग्रंथाचा पहिला भाग कोणासाठी लिहिला गेला, हे विसरतो. इ. स. 410 मध्ये रोम लुटले गेले. तेव्हा अत्याचार सोसूनही जिवंत राहिलेल्या ख्रिस्ती स्त्रियांची बाजू त्यात मांडली आहे. सहाव्या शतकात ब्रागाच्या परिषदेने मात्र आत्मघात केलेल्यांना अंत्यविधी नाकारले. अर्थात ऑगस्टीनही निर्दोष नव्हे; लुक्रेशियाचा तो खटलाच चालवितो, तिच्या दुःखापाशी फारसा थांबत नाही.

आम्हांस फिलिप्पै येथील प्रसंग अधिक मोलाचा वाटतो. तलवार उपसलेल्या बंदिशाळेच्या नायकास पौलाने सहावी आज्ञा ऐकविली नाही. आपण सर्व येथेच आहोत, असे मोठ्याने ओरडून सांगितले. कैदी पळाले ही त्याची समजूत खोटी होती, हे त्यास त्या हाकेनेच कळले.