चिखलातली मोटार

समीक्षा ही फक्त पुस्तकांची आणि नाटकांचीच करायची असते, असा आपल्याकडे एक समज आहे. एखाद्या कवितासंग्रहावर दहा पानं लिहिणारा माणूस ज्या खुर्चीत बसून ती लिहितो, त्या खुर्चीच्या डुगडुगणाऱ्या पायावर दोन ओळीही लिहीत नाही. यंत्रांच्या वाट्याला तर समीक्षा येतच नाही. यंत्र बंद पडलं की आपण मेकॅनिकला चार शब्द सुनावतो, तेवढीच आपली यंत्रसमीक्षा. ही उणीव भरून काढावी म्हणून मी आज एका यंत्राची रीतसर समीक्षा करणार आहे. हे यंत्र साताऱ्यात दिसत नाही, सांगलीतही दिसत नाही. पण कलाकृती समोर असलीच पाहिजे, ही अट आजवर कुठल्या समीक्षकानं पाळली आहे?

या यंत्राला इंग्रजीत ‘मड मोटर’ म्हणतात. आपण चिखलमोटार म्हणू. अमेरिकेत हिवाळ्यात बदकांच्या शिकारीला जाणारे लोक ती होडीच्या मागे बसवतात. बदक हा पक्षी बसतो कुठं, तर जिथं धड पाणी नाही आणि धड जमीन नाही अशा दलदलीत. तिथं साधी मोटार चालत नाही. नेहमीच्या मोटारीचा पाय होडीमागे सरळ खाली उभा असतो, आणि तिचं इंजिन थंड राहावं म्हणून ती बाहेरचं पाणी आत ओढते. दलदलीत पाय चिखलात रुततो आणि पाण्याऐवजी गाळ पोटात जातो. पाहुण्याच्या घरी पंगतीत आग्रह झाल्यावर आपलं जे होतं, तेच मग तिचं होतं.

चिखलमोटारीनं या दोन्ही गोष्टी टाळल्या. तिचं इंजिन शेतातल्या फवारणीच्या पंपासारखं, हवेवर थंड होणारं. आणि पंखा खाली नाही, तर मागे, एका लांबलचक दांड्याच्या टोकाला. म्हशीनं शेपूट मागे पसरून पाण्यावर टेकवावं तसा हा दांडा दिसतो. थायलंडमध्ये अशा लांबशेपट्या होड्या पूर्वीपासून आहेत. अमेरिकेत लुईझियानाच्या दलदलीत १९७७ साली ‘गो-डेव्हिल’ नावाची कंपनी निघाली आणि बदकवाल्यांमध्ये ही शेपूट लोकप्रिय झाली.

कुठल्याही साहित्यप्रकारात होतं तसे इथंही पुढे दोन पंथ झाले. एक जुना, लांब दांड्याचा. वजनाला हलका, किमतीला कमी, वेगाला बेताचा. वाटेत बुंधा आला की दांडा उचलायचा आणि पलीकडे टाकायचा. हे आपलं ग्रामीण साहित्य. दुसरा पंथ आखूड दांड्याचा. यात पंखा पाण्याच्या अगदी वरच्या थरात फिरतो. वेग भरपूर, वळवायला सोपा, पण जड आणि महाग. हे नवसाहित्य. दोन्ही पंथांचे लोक एकमेकांबद्दल काय बोलतात ते सांगायला नको. मराठी साहित्य संमेलनाला जाऊन आलेल्या माणसाला त्याची कल्पना येईल.

पण या कलाकृतीतलं मला सर्वांत आवडलेलं पात्र म्हणजे तो शिकारी. तो आधी मोटार घेत नाही, आधी हिशेब करतो. पाणी किती खोल? वीतभर की कमरेइतकं? पाण्याखाली काय आहे, गवत, गाळ की बुंधे? होडीत माणसं किती, कुत्रा आहे का, बंदुका, फसवी लाकडी बदकं, पेट्रोलचा डबा, सगळं मिळून वजन किती? मग तो होडी ठरवतो. ती सपाट तळाची असते, कारण सपाट तळ वजन पसरून घेतो आणि थोड्या पाण्यात तरंगतो. तळ पुरेसा रुंद हवा, नाहीतर मोटारीच्या वजनानं मागची बाजू बसते आणि पुढची आकाशाकडे बघते. आणि सगळ्यात शेवटी, या सगळ्याला पेलेल एवढ्याच ताकदीची मोटार. आमच्या बँकेत गाळा बांधायच्या आधी पाटी रंगवून आणलेले कर्जदार येतात. त्यांनी या बदकवाल्याकडे शिकवणी लावावी.

आता समीक्षकाच्या कर्तव्याला जागून दुसरी बाजूही मांडतो. एवढा खटाटोप कशासाठी? बदकासाठी. कायद्यानं त्यांना बहुतेक ठिकाणी दिवसाला सहाच बदकं मारता येतात. एका बदकाचं वजन किलोभर. म्हणजे एका चांगल्या चारचाकीच्या किमतीची सामग्री घेऊन, पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत माणूस सहा किलो बदक आणतो, तेही पिसांसकट. मी कॉमर्सचा पदवीधर आहे. या धंद्याचा ताळेबंद मी मांडून बघितला. जमेच्या बाजूला बदक सोडून काही सापडलं नाही.

आपल्याकडे हा प्रश्न कायद्यानंच सोडवला आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आला तेव्हा त्यात शिकारीचे परवाने होते. १९९१ च्या दुरुस्तीनं तेही गेले. त्याआधी आपणही काही कमी नव्हतो. भरतपूरला १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो आणि मंडळींनी ४,२७३ पक्षी पाडले. तिथं चिखलमोटार लागली नाही. साहेबांनी उभं राहायचं आणि पक्ष्यांनी वरून जायचं, एवढीच व्यवस्था होती.

आमच्याकडे खटाव तालुक्यात मायणीचा तलाव आहे, येरळवाडीचं धरण आहे. हिवाळ्यात तिथं चक्रवाक येतात, थापट्या येतात, पट्टकदंब येतात, कधी रोहितही. हळदीकुंकू नावाचं बदक तर इथलंच, बारमाही. आता मला सांगा, ज्या पक्ष्याचं नाव हळदीकुंकू आहे त्याच्यावर बंदूक रोखायला कुठल्या घरातून परवानगी मिळेल? या तलावावर कोणी भडभडणारी मोटार घेऊन गेलाच, तर तलावावरचा प्रत्येक पक्षी त्याच्या आधी सोलापूर जिल्ह्यात पोचेल. म्हणजे बदकासाठी आपल्याला या यंत्राचा उपयोग शून्य. इथं ही समीक्षा संपायला हवी होती.

पण येरळा नदी खटावात संपत नाही. ती खाली सांगली जिल्ह्यात जाते आणि पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ ला याच ब्रह्मनाळमध्ये पुरातून माणसं बाहेर काढताना बोट उलटली. डझनाहून जास्त माणसं गेली, त्यात बायका होत्या, मुलं होती. बोटीत पेलतील त्याहून जास्त माणसं होती. त्या दिवसांत सांगलीच्या आयर्विन पुलावर पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. २०२१ साली पाणी पुन्हा ५० फुटांच्या वर गेलं.

यावर विनोद करता येत नाही, करूही नये. पण विचार करायला हवा.

नावेचं आपल्याला नवल आहे असं नाही. कृष्णेवर होड्यांच्या शर्यती लागतात तेव्हा दोन्ही काठांवर उभं राहायला जागा नसते. तलावातला मासेमार ट्रकच्या फुगवलेल्या इनरवर बसून जाळं टाकून येतो. आणि पूर आला की ऊसपट्ट्यात गुळाची काहील पाण्यात उतरते. काहिलीकडे समीक्षकाच्या नजरेनं बघा. तळ सपाट, वीतभर पाण्यात तरंगणारी. लुईझियानाच्या होडीचं तत्त्व तेच आहे. दोष एकच, तिला पुढचं-मागचं नाही. जरा वल्हं चुकलं की ती गोल फिरते आणि आतल्या माणसाला चारी दिशांचं दर्शन घडवते.

वजनाचा हिशेबही आपल्याला येतो. काठावरच्या एका म्हाताऱ्या नावाड्याला मी विचारलं, “आबा, तुमच्या नावेत माणसं किती मावतात?”

“कुठली माणसं?”

“कुठली म्हणजे?”

“जत्रंची असली तर वीस. वऱ्हाड असलं तर पंचवीस. पल्याड मयत झालं असलं तर मोजत न्हाई.”

“मग नाव बुडत नाही?”

“मी माणसं न्हाई मोजत, साहेब. काठ मोजतोय. पाण्याच्या वर चार बोटं काठ ऱ्हायला की बास म्हणतो. पर ते रोजच्या पाण्यात. पुरात चार बोटं न्हाई चालत, पुरात वीतभर पायजे. पुराचं पाणी हालतंय.”

मड मोटरवाल्यांच्या सगळ्या सल्ल्यांचं सार आबांनी वीतभर हातात दाखवलं. फरक एवढाच, की त्यांचं हे सार नावेवर लिहिलेलं नाही. अमेरिकेत १९७२ पासून वीस फुटांच्या आतल्या बहुतेक होड्यांवर एक पट्टी लावावी लागते. माणसं किती, वजन किती, मोटार किती ताकदीची. बदकं मारायला निघालेल्या होडीवरसुद्धा. ज्या साली आपण बदकांसाठी कायदा केला, त्याच साली त्यांच्याकडे बदकवाल्यांसाठीचा हा नियम लागू झाला.

आपल्याकडे अशी पट्टी लावली तर लोक ती पाळतील का, असं कोणी विचारेल. वडापच्या जीपमध्ये बसलेल्या माणसाला ही शंका येणं स्वाभाविक आहे. तिथं जीप भरली हे ड्रायव्हर अर्धा बाहेर लोंबायला लागल्यावर कळतं. पण पुरात गोष्ट वेगळी असते. पाणी उंबऱ्याला लागलेलं असताना, मागे आई आणि कडेवर पोर असताना, कोण मोजत बसणार? आणि काठावर उरलेल्याला ‘तू थांब’ कोण म्हणणार? तेव्हा मोजणं जमत नाही, म्हणूनच ते आधी मोजून, रंगवून ठेवायचं असतं. म्हणजे ‘नाही’ म्हणायचं काम माणसाला करावं लागत नाही, रंगाची रेघ करते.

मग पुरासाठी चिखलमोटार आणावी काय? समीक्षकानं शेवटी निकाल द्यावा लागतो. गुण असे, की उसाच्या फडात, जलपर्णीत, काटेरी तारेवर उभ्या असलेल्या पाण्यात नेहमीची मोटार जिथं अडते तिथं ही पुष्कळदा निघून जाईल. दोष असे, की हिचा पंखा पाण्याच्या वरच्या थरात उघडा फिरतो, आणि पुरात त्याच थरात माणूस हात वर करून पोहत असतो. शिवाय जुन्या पंथाच्या मोटारीला बहुधा मागे जायचा गिअर नसतो. बदकाजवळ जाताना मागे यावं लागत नाही, दारात अडकलेल्या आजीला घेताना यावं लागतं. आवाज तर असा, की छपरावरचा माणूस हाका मारत असेल तर ऐकू येणार नाही.

तेव्हा यंत्र जसंच्या तसं उचलून आणू नये. आणायची ती बदकवाल्याची सवय आणावी. पाणी किती, पाण्याखाली काय, वजन किती, हे तीन प्रश्न आधी, आणि बोट नंतर. पावसाळ्याआधी गावातली प्रत्येक नाव, बोट आणि हो, काहीलसुद्धा, आबांसारख्या एखाद्या जाणत्यासमोर पाण्यात उतरवावी. माणसं बसवावीत. वीतभर काठ उरला की तिथं थांबावं. बसलेल्यांची संख्या नावेच्या अंगावर ऑइलपेंटनं, लांबून वाचता येईल एवढ्या अक्षरांत लिहावी, आणि त्या काठाला लाल रेघ मारावी. एक डबा रंग पुरे. ब्रश ग्रामपंचायतीकडे असतो, दर निवडणुकीत तो दिसतो.