खोली पहावी रंगवून

मुलीच्या बाळंतपणाला आई जाते ती कामासाठी. बाप जातो तो सामानाबरोबर. २०१४च्या जानेवारीत मी असाच लीड्सला पोचलो. बॅगेत डिंक, खारीक, अळीव, बाळंतशेपा आणि बॅग उचलायला मी. बॅगेतली कुठली पुडी कशासाठी आणली आहे हे आमच्या हिला तोंडपाठ होतं. मला कशासाठी आणलं आहे हे मात्र विमानतळावरून घरी पोचेपर्यंतच ती विसरली होती. शेवटी मला सोफ्याच्या कोपऱ्यात ठेवण्यात आलं, पाय वर घ्यायला सांगण्यात आलं (खालून व्हॅक्यूम क्लीनर जायचा होता) आणि हातात टीव्हीचा रिमोट देण्यात आला. बाहेर दुपारी चारला अंधार. अशा अवस्थेत माणूस एकतर तत्त्वज्ञ होतो, नाहीतर समीक्षक. तत्त्वज्ञाला म्हणे आधी बरंच वाचावं लागतं. समीक्षकाला सोफा पुरतो.

त्या महिन्यात बीबीसी टूवर एक नवा कार्यक्रम सुरू झाला होता. नाव ‘द ग्रेट इंटिरियर डिझाइन चॅलेंज’. २०१७ साली तो बंद पडला, पण तोवर नातीच्या वाढदिवसाच्या निमित्ताने वाऱ्या होत राहिल्या आणि माझं पाहणंही. प्रकार असा : डिझायनर होण्याची हौस असलेली, पण तो धंदा नसलेली माणसं गोळा करायची. त्यांना कुठल्यातरी जुन्या वस्तीत न्यायचं. आज जॉर्जियन, उद्या व्हिक्टोरियन, परवा १९३०च्या सुमाराची जोडघरं. तिथल्या खऱ्याखुऱ्या घरांतली एकेक खोली एकेकाला द्यायची. घरमालक आपली अपेक्षा सांगणार, बेताचं बजेट, हाताखाली रंगारी नि सुतार, आणि डोक्यावर घड्याळ. शेवटी दोन परीक्षक येऊन खोल्या पाहणार आणि कोण पुढच्या फेरीत जाणार ते ठरवणार.

आपल्याकडे राज्य नाट्यस्पर्धेत हौशी मंडळी हेच करतात की! फरक एवढाच, की तिथे पडदा पडला की सेट टेम्पोत घालून घरी नेतात. इथे हौशी कलावंत घरी जातो, सेट मागे राहतो आणि त्यात कुणीतरी जन्मभर झोपायचं असतं.

माझ्या मते या कार्यक्रमाची गोम इथेच आहे. पण आधी चांगलं सांगतो. समीक्षेची तशी रीत आहे.

चांगला होता तो टॉम डायकॉफ. हा मूळचा वास्तुकलेचा टीकाकार. डिझायनर मंडळी पडद्याच्या कापडावरून घायकुतीला आलेली असताना हा गृहस्थ शांतपणे बाहेर गल्लीत उभा राहून सांगणार की ही खिडकी अशी का आहे. मी अनेक वर्षं इंग्रजी कादंबऱ्या वाचल्या, पण भिंतीच्या कमरेएवढ्या उंचीवरून ती लाकडी पट्टी का फिरते हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तिला डेडो रेल म्हणतात. मूळ काम, खुर्चीची पाठ लागून गिलावा खरचटू नये. त्याच्या वर, छताच्या खाली, आणखी एक पट्टी : ती पिक्चर रेल. तसबिरी तिच्यावरून टांगायच्या, म्हणजे भिंतीत खिळा मारायला नको. ज्या चाळीत माझं बालपण गेलं तिथे भिंतीपेक्षा खिळेच जास्त होते आणि भिंत खिळ्यांच्या आधाराने उभी आहे असा माझा पुष्कळ वर्षं समज होता. आणि काही जुन्या घरांच्या दर्शनी भागावर विटांनी बुजवलेली खिडकी दिसते ना? १६९६ पासून १८५१ पर्यंत इंग्लंडात खिडक्यांवर कर होता. खिडक्या मोजून पैसे द्यायचे. लोकांनी काही खिडक्या बुजवल्या आणि अंधारात बसले. करबुडवेगिरीची इतकी टिकाऊ खूण दुसऱ्या कुठल्या देशात नसेल.

हे ऐकताना खोली म्हणजे नुसत्या चार भिंती नव्हेत, तिथे कुणी काहीतरी कारणाने काहीतरी केलेलं आहे, असं वाटू लागतं. आणि नेमकं तेव्हाच कॅमेरा आत जातो, तर आत आमचे हौशी कलावंत त्या कारणावर निळा रंग फासत असतात.

परीक्षकांबद्दल माझी तक्रार नाही. डॅनियल हॉपवूड आणि सोफी रॉबिन्सन. शेवटच्या पर्वात सोफीबाईंच्या जागी केली हॉपेन आल्या. जाणती माणसं. नव्या सुनेच्या घरी सासूने जावं तशी खोलीत शिरत. उशीची शिवण बघ, रंगाची कड सरळ आली का बघ. यात त्यांची चूक काही नाही. त्यांना निवाडा करायलाच बोलावलं होतं. माझं म्हणणं एवढंच, की निवाडा करून ते दोघं आपल्या घरी जात. मत त्यांना, आणि मुक्काम दुसऱ्याला!

हा दुसरा म्हणजे घरमालक. त्याला डोळे मिटून आत आणतात, मग उघडायला सांगतात आणि तो ‘वाव’ म्हणतो. इंग्रज माणूस कॅमेऱ्यासमोर, घाम गाळून उभ्या असलेल्या परक्या माणसाला ‘हे भयंकर आहे’ असं म्हणणं शक्यच नाही. आमच्याकडे मुलगी बघायला गेल्यावर कांदेपोहे जसे ‘छान झालेत’, तसंच ते ‘लव्हली’. त्यावरून काही कळत नाही. मी मात्र तेव्हा त्याच्या डोळ्यांकडे बघायचो. ते डोळे खोलीभर कपाट शोधत असत. माझ्या हातात असतं तर सहा महिन्यांनी, न सांगता, पावसाळी संध्याकाळी त्या घराची बेल वाजवली असती. तेव्हा त्या निळ्या भिंतीसमोर कपड्यांचा घोडा उभा आहे का, हे बघून मगच बक्षीस दिलं असतं.

बीबीसीला हा नाद जुना. १९६२ साली त्यांचा बॅरी बकनेल नावाचा गृहस्थ लंडनमधल्या ईलिंगला एक मोडकळीला आलेलं जुनं घर घेऊन आठवड्यामागून आठवडे ते पडद्यावर दुरुस्त करत होता. हा हातोडीचा सानेगुरुजी. अख्खा देश त्याचं ऐकून कामाला लागला. आणि त्याने काय शिकवलं? दरवाज्यांवरची नक्षी हार्डबोर्डखाली झाका, फायरप्लेस बुजवा, सगळं सपाट नि स्वच्छ करा. (याच बकनेलने जॅक होल्टबरोबर घरी जोडता येईल अशी प्लायवूडची होडी काढली. मिरर डिंगी. ती सत्तर हजारांच्या घरात खपली. म्हणजे त्याचं लाकूडकाम पाण्यावर तरंगलं. टीका झाली ती फक्त जमिनीवरच्या कामावर.) पुढे १९९६ पासून २००४ पर्यंत ‘चेंजिंग रूम्स’. त्यात शेजारी एकमेकांच्या घरांच्या किल्ल्या बदलत आणि पाचशे पौंडांत एकमेकांची खोली सजवत. एकदा तर टांगत्या फळ्यांवर मांडलेल्या जुन्या मौल्यवान किटल्यांचा संग्रह रातोरात फळ्यांसकट खाली आला. शेजारधर्माची याहून मोठी परीक्षा मला ठाऊक नाही. आणि २०१४ साली तेच बीबीसी बकनेलचा हार्डबोर्ड उचकटून खालची फायरप्लेस पाहून हळहळतंय. एका पिढीने झाकायचं, दुसरीने उघडायचं, तिसरीने त्यावर रंग द्यायचा.

बकनेलला आज सगळे नावं ठेवतात. मला ते पटत नाही. ती नक्षी, ती पट्ट्यांवरची धूळ, ती प्रत्येक खोलीतली शेगडी हे सगळं सुंदर होतं, कारण ते पुसायला, पहाटे उठून राख काढायला आणि कोळशाची बादली तीन जिने वर न्यायला घरोघरी पोरी होत्या. व्हिक्टोरिया राणीच्या अखेरच्या काळात तिथे दहा लाखांहून जास्त बायका घरकामाला होत्या. त्या गेल्या, १९५६ साली धूर आवरायचा कायदा आला, आणि कोळसा चढवणारं नि राख काढणारं कुणी उरलं नाही. मग घरच्या बाईने ते भगदाड बंद करायला सांगितलं, तर तिचं काय चुकलं? कार्यक्रमात मात्र फायरप्लेस उघडून तीत मेणबत्त्या मांडतात. चूल दिसते, राख काढणारी दिसत नाही. डायकॉफसाहेबांकडून मला हे आणखी ऐकायला आवडलं असतं.

आणि हौशी म्हणाल, तर सर्वांत मोठा हौशी विल्यम मॉरिस. १८६० साली तो लंडनजवळच्या आपल्या नव्या ‘रेड हाउस’मध्ये राहायला गेला तेव्हा घर सजवण्याचं शिक्षण त्याला कुणी दिलेलं नव्हतं. बाजारात मनासारखं काही मिळेना, म्हणून त्याने, बायकोने आणि बर्न-जोन्स, रोसेटी अशा मित्रांनी मिळून भिंती रंगवायला घेतल्या. त्यातूनच पुढच्या वर्षी त्यांची ती प्रसिद्ध कंपनी निघाली. या कार्यक्रमात मॉरिस पहिल्याच फेरीत बाद झाला असता. पाच वर्षांनी घर सोडलं तेव्हासुद्धा त्याचं काम पुरं झालं नव्हतं! पण तिथे राहणारा, रंगवणारा आणि परीक्षक एकच होता. २०१३ साली त्या घरातल्या एका शयनगृहात कपाटामागून आणि रंगांच्या थरांखालून या मित्रमंडळींनी काढलेलं भित्तिचित्र निघालं. आदम, ईव्ह, नोआ सगळे हजर. म्हणजे मॉरिसच्या भिंतीवरही कुणीतरी आपला बकनेल चालवलाच होता.

हे सगळं मी सोफ्यावरून हिला ऐकवत होतो. ही अळीव निवडत होती. ऐकलं मात्र भलत्यांनीच. एका रविवारी लेक आणि जावईबापू म्हणाले, ‘‘बाबा, बाळाची खोली आपणच करू या.’’

घर विटांचं, ओळीतलं, शंभर वर्षांपलीकडचं. अशी साधी घरं सरकारच्या संरक्षित यादीत सहसा नसतात, त्यामुळे मालकाला अडवणारं कुणी नाही. रंग आधी ठरला. तिथल्या एका नामवंत कंपनीच्या रंगांची नावं ऐकण्यासारखी असतात. एकाचं नाव ‘उंदराची पाठ’, एकाचं ‘डेड सामन’. (यातला ‘डेड’ मेलेला नव्हे. जुन्या रंगाऱ्यांच्या भाषेत डेड म्हणजे बिनचमकीचा.) लेकीने निवडला ‘एलिफंट्स ब्रेथ’. हत्तीचा श्वास. प्रत्यक्षात राखाडी. ‘‘बाळाच्या खोलीला राखाडी?’’ हिने विचारलं. मी नावाचा अर्थ सांगितला. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, ‘‘म्हणजे गणपतीचाच की. मग असू दे.’’ परीक्षक अनुकूल करून घ्यायला नाव किती उपयोगी पडतं हे मला तेव्हा कळलं.

मग जावईबापूंनी भिंतीवरचा हार्डबोर्ड काढला. मागे बिडाची छोटी शेगडी निघाली आणि बादलीभर काजळी. ती अर्धी जावईबापूंवर बसली, अर्धी माझ्यावर. मग वॉलपेपर खरवडायला घेतला. कांद्यासारखे थर. नारिंगी वर्तुळं, त्याखाली तपकिरी रेघा, त्याखाली बारीक फुलं, त्याखाली हिरवं काहीतरी, आणि शेवटी उघडा गिलावा. त्यावर पेन्सिलीने, वळणदार अक्षरात, एका माणसाचं नाव. ही खोली मी कागदली, एवढा मजकूर आणि तारीख : मे १९११. नाव इथे देत नाही. परवानगी विचारायला तो नाही.

लेक म्हणाली, एवढा भाग काच लावून उघडा ठेवू. अगदी कार्यक्रमात शोभेल अशी कल्पना. जावईबापू मोबाइलवर फोटो घेऊ लागले. ही मात्र कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, ‘‘अगं, त्याने दाखवायला लिहिलं असतं तर कागदावर लिहिलं असतं. कागदाखाली कशाला लिहील?’’

पाच पर्वांचं टीव्ही पाहूनही मला सुचलं नसतं असं वाक्य. (पर्वं चारच झाली, पण मी एक दोनदा पाहिलं.) मला आठवलं, कार्यक्रमात रंगारी, शिवणारी, सुतार अशी मंडळी मागे राबत असायची आणि शेवटी टाळ्या तिसऱ्यालाच. या १९११च्या माणसाला खोली कुणी आखली, कुणी पसंत केली, याच्याशी कर्तव्य नव्हतं. काम झालं, सही केली, कागद चिकटवला, पैसे घेतले.

तेव्हा ठरलं, की भिंतीवर आधी लायनिंग पेपर लावायचा आणि त्यावर हत्तीचा श्वास. सही आत होती तशीच आत राहील. दुसऱ्या दिवशी सकाळी जावईबापू खाली खळ कालवत होते, लेक डॉक्टरकडे गेली होती आणि ही स्वैपाकघरात होती. मी वर गेलो. कानामागची पेन्सिल काढली आणि १९११च्या शेजारी, त्याच्यापेक्षा जरा लहान अक्षरात, मराठीत माझं नाव लिहिलं. खाली फेब्रुवारी २०१४. मग समीक्षक गप्प बसेना, म्हणून आणखी एक ओळ घातली :

ता. क. रंगाची निवड माझी नाही.