नैराश्यविषयक मानसशास्त्रीय संशोधन : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नैराश्यावरील संशोधनात निदान, कारणमीमांसा व उपचार हे एकाच साखळीचे दुवे मानले जातात. निदान अचूक झाले की कारण सापडते आणि कारण सापडले की उपचार ठरतो, अशी ही मांडणी आहे. प्रत्यक्ष संशोधनाचा इतिहास मात्र तिला दुजोरा देत नाही. प्रस्तुत लेखात या विसंगतीची चिकित्सा केली आहे.

निदान :
अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या 'डीएसएम' या नियमपुस्तिकेच्या तिसऱ्या आवृत्तीने (१९८०) निदानात बरीच एकवाक्यता आणली, हे मान्य करावेच लागते. प्रचलित निकषानुसार नऊपैकी किमान पाच लक्षणे दोन आठवडे आढळावी लागतात. त्यांत खिन्नता किंवा गोष्टींतील रस नाहीसा होणे यांपैकी एक तरी असावे लागते. या निकषाची पूर्तता २२७ प्रकारांनी होऊ शकते. केवळ एकच लक्षण समान असलेल्या दोन व्यक्तींनाही त्यामुळे एकाच विकाराचे नाव मिळते. शिवाय येथे लक्षणे मोजली जातात, परिस्थिती नव्हे. आप्ताच्या मृत्यूनंतरच्या दुःखाला चौथ्या आवृत्तीत (१९९४) दिलेला दोन महिन्यांचा अपवाद पाचव्या आवृत्तीने (२०१३) वगळला, ही बाब या संदर्भात सूचक आहे.

कारणमीमांसा :
ॲरन बेक यांनी स्वतः, जग व भविष्य यांविषयीच्या नकारात्मक विचारांवर भर दिला. मार्टिन सेलिग्मन यांनी १९६७ च्या सुमारास प्राण्यांवरील प्रयोगांतून 'शिकलेली असहायता' ही संकल्पना मांडली. मात्र २०१६ साली त्यांनी व स्टीव्हन मायर यांनीच ती उलटवली : निष्क्रियता ही मूळ प्रतिक्रिया असून शिकावे लागते ते परिस्थितीवरील नियंत्रण. ब्राउन व हॅरिस यांनी १९७८ साली लंडनच्या कॅम्बरवेल भागातील स्त्रियांच्या अभ्यासातून जिव्हाळ्याच्या नात्याचा अभाव, बालपणी मातृवियोग, घरात तीन वा अधिक लहान मुले आणि बेरोजगारी हे घटक पुढे आणले. याउलट सेरोटोनिनच्या कमतरतेचा सिद्धांत सर्वाधिक लोकप्रिय ठरला. परंतु २०२२ साली मॉन्क्रिफ व सहकाऱ्यांनी घेतलेल्या व्यापक आढाव्यात त्याला सातत्यपूर्ण पुरावा आढळला नाही.

उपचार :
याचा अर्थ औषधे निरुपयोगी आहेत, असा नव्हे. सिप्रियानी व सहकाऱ्यांच्या २०१८ च्या विश्लेषणात ५२२ चाचण्यांच्या आधारे २१ औषधे प्लासिबोपेक्षा सरस ठरली, जरी सरासरी परिणाम मर्यादित होता. औषधाचा गुण येणे हा कारणाचा पुरावा ठरत नाही, एवढेच यातून दिसते. मानसोपचारांतही हेच घडले. जेकबसन व सहकाऱ्यांनी १९९६ साली बेकप्रणीत उपचाराचे घटक वेगळे करून तपासले, तेव्हा केवळ कृतीला चालना देणारा भाग संपूर्ण उपचाराइतकाच परिणामकारक ठरला. विचार बदलणे हाच उपचाराचा गाभा, ही धारणा त्यामुळे डळमळीत झाली. याच कृतिप्रधान पद्धतीचा वापर गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत झाला. मानसोपचारतज्ज्ञ नसलेल्या, पण खास प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत तीव्र नैराश्य असलेल्या रुग्णांना साहाय्य केले आणि तीन महिन्यांनी लक्षणीय सुधारणा आढळली. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध केले.

निष्कर्ष :
उपचार उपयुक्त ठरतात, पण कारणाविषयीचे दावे त्यांच्या आड उभे राहून सिद्ध होत नाहीत. 'मेंदूतील रसायन कमी झाले' हे वाक्य वर्गात सिद्ध सत्य म्हणून शिकवले गेले, तर विद्यार्थी घर, रोजगार व नातेसंबंध यांविषयी प्रश्न विचारणेच सोडून देईल. निदान हा चौकशीचा आरंभ आहे, शेवट नव्हे. अध्यापनात हे भान राखणे अगत्याचे आहे.