घरचे विचारतात तेव्हा

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ आपल्याकडे दोन गोष्टींसाठी वाखाणली जातात. एक विनोद आणि दुसरी साधी, बोलल्यासारखी भाषा. बी.ए.ला असताना आम्हालाही एवढंच सांगितलं होतं, आणि परीक्षेत तेवढं लिहून मार्कही मिळाले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण हे पुस्तक मी अलीकडे तिसऱ्यांदा वाचलं ते वेगळ्याच कामासाठी. घरातल्या एखाद्या माणसाचा धर्म सुटला की नातलग त्याला काय काय विचारतात, कसं विचारतात, आणि तो काय उत्तर देतो, एवढंच मला पाहायचं होतं. त्याच कामासाठी आणखी तीन-चार पुस्तकं मागवली. धरमपुरीला मराठी पुस्तक मिळत नाही. इंदूरहून कुणी येणार असेल तर त्याच्या पिशवीतून येतं, आणि पिशवी उघडली की घरातले सगळे आधी ‘कसलं पुस्तक’ म्हणून बघतात.

माझं कारण लपवण्यासारखं नाही. सहा-सात वर्षांपूर्वी माझ्यातली श्रद्धा सरली. का सरली ते इथे लिहीत नाही, कारण विचारणाऱ्या प्रत्येकाला नेमकं तेच हवं असतं. एक कारण सापडलं की त्यावर औषध देता येतं. घर आमचं दिगंबर. माहेर सांगलीकडचं, सासर नर्मदाकाठचं. दोन्हीकडची माणसं प्रेमळ आहेत आणि दोन्हीकडची माणसं विचारतात. माहेरची आक्का फोनवर विचारते, “रात्री जेवत नाहीस ना गं?” इकडच्या काकीजी मंदिराच्या पायरीवर विचारतात, “क्यों बहू, दर्शन हो गए?” दशलक्षणाच्या दहा दिवसांत तर कुणाचे किती उपवास हा गावाचाच हिशेब असतो, त्यात माझी पाटी कोरी.

आता पुस्तकांकडे. बाबा पदमनजी 1854 साली बेळगावला ख्रिस्ती झाले आणि 1888 साली त्यांनी ‘अरुणोदय’ हे आत्मचरित्र काढलं. मराठीतल्या अगदी सुरुवातीच्या आत्मचरित्रांपैकी ते एक. नावातच त्याची रचना आहे: आधी अंधार, मग पहाट. घरच्यांचे आक्षेप त्यात येतात, पण ते येतात खोडून काढण्यासाठी. प्रत्येक प्रश्नापुढे उत्तर तयार असतं. बाबा विद्वान होते, प्रामाणिक होते, त्यांनी सोसलंही पुष्कळ. तरी वाचताना वाटतं की हे शास्त्रार्थाचं पुस्तक आहे, घराचं नव्हे. घरात कुणी शास्त्रार्थ करत नाही. माझ्या काकीजींनी मला ‘आत्मा आहे की नाही’ असं आजवर एकदाही विचारलेलं नाही. त्या विचारतात, पाणी गाळून घेतेस ना?

धर्मानंद कोसंबींचं ‘निवेदन’ मला ‘अरुणोदय’पेक्षा जवळचं वाटतं. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस 1899 साली बुद्धाच्या शोधात घरातून निघाला. पुणे, काशी, नेपाळ, सिलोन, ब्रह्मदेश अशी त्याची पायपीट वाचताना धाप लागते. ज्ञानाची अशी भूक मराठीत दुसऱ्या कुणी लिहिलेली मला माहीत नाही. पण मागे बायको होती आणि तान्ही मुलगी होती. बाळाबाईंना त्या वर्षांत गावाने काय विचारलं असेल? “नवरा कुठे गेला? कशाला गेला? परत येणार का?” ‘निवेदन’ ह्याबाबत जवळजवळ गप्प आहे. सोसण्याचं लिहिणारा माणूस स्वतःचं सोसणं लिहितो, हे समजू शकते. पण श्रद्धा शोधायला किंवा सोडायला जो निघून जातो त्याला प्रश्न कमीच ऐकावे लागतात. ते मागे राहिलेल्यांच्या अंगावर येतात.

(कोसंबींचं नाव आमच्या समाजात निघालं की अजून भुवया चढतात. ‘भगवान बुद्ध’ ह्या 1940 च्या पुस्तकात त्यांनी प्राचीन काळातल्या मांसाहाराबद्दल जे लिहिलं त्यावरून जैनांत मोठा क्षोभ झाला होता. त्याच माणसाने ‘पार्श्वनाथाचा चातुर्याम धर्म’ हे पुस्तक लिहिलं आणि जून 1947 मध्ये सेवाग्रामला अन्न सोडून, आपल्या सल्लेखनेच्या वाटेने देह ठेवला. हे मी एकदा घरात सांगितलं. “मग शेवटी आलेच ना आपल्यात,” असं उत्तर आलं. मी पुढे बोलले नाही.)

आगरकरांची गोष्ट निराळी. ते कुठे गेले नाहीत, कुठल्या दुसऱ्या धर्मात शिरले नाहीत, घरातच राहिले. म्हणून मला त्यांच्याकडून जास्त अपेक्षा होती. ‘सुधारक’मध्ये त्यांनी काय सोडलं? सोवळं, शिमगा, केशवपन, बायकांचं शिक्षण, देवतांची उत्पत्ती. पुण्याच्या सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली, तीही त्यांनी पाहिली. परक्यांना उत्तरं देण्यात त्यांच्याइतका समर्थ माणूस मराठी गद्यात नाही. पण जेवणाच्या पाटावर बसल्यावर आपल्याच माणसांनी विचारलेल्या प्रश्नाला ते काय म्हणत? त्या निबंधांत ते सापडत नाही. गर्दीला उत्तर देताना आवाज चढवता येतो, आणि आगरकरांचा चढा आवाज ऐकण्यासारखाच आहे. आत्येपुढे, मावशीपुढे त्या आवाजाचा काय उपयोग! तिला वाद जिंकायचाच नसतो.

इंग्रजीत एडमंड गॉसचं ‘फादर अँड सन’ आहे, 1907 चं. बाप प्राणिशास्त्रज्ञ आणि कर्मठ ख्रिस्ती पंथाचा. मुलगा नोकरीसाठी लंडनला जातो तेव्हा बाप पत्रांतून त्याच्या श्रद्धेची झडती घेत राहतो. प्रार्थना करतोस ना, मन ढळलं नाही ना. मुलगा आधी गोलमोल उत्तरं देतो, मग थकतो, आणि शेवटी नातं तुटतं. गॉसचं पुस्तक सुरेख आहे, बापाला तो खलपुरुष करत नाही. पण त्यात एक मुलगा आणि एक बाप एवढीच माणसं. आपल्याकडे एका माणसाच्या श्रद्धेला वीस पालक असतात, शिवाय शेजारी. आणि नातं तोडायची सोय नसते, कारण पुढच्या आठवड्यात त्यांच्याचकडे बारसं असतं.

म्हणून पुन्हा लक्ष्मीबाई. नारायण वामन टिळकांनी 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईला बाप्तिस्मा घेतला. (आगरकर त्याच वर्षी जूनमध्ये गेले.) टिळकांची श्रद्धा गेली नव्हती, तिने फक्त घर बदललं होतं, पण मागच्या घराला ह्या दोन्हींत फरक दिसत नाही. ह्या पुस्तकाचं मोठेपण माझ्या मते इथे आहे: लक्ष्मीबाई सुरुवातीला विचारणाऱ्यांच्या बाजूच्या आहेत. धर्म सुटला तो नवऱ्याचा. त्या स्वतः सोवळ्यातल्या, आणि सोवळं म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! वडिलांच्या घरी बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घ्यायची, इतकं कडक. नवरा बाटला म्हटल्यावर त्यांनी मुलाला घेऊन नातलगांत दिवस काढले, पंढरपूरला राहिल्या. नातलगांची दया, नातलगांचे सल्ले, टोमणे, माया, सगळं त्यांनी त्या बाजूला उभं राहून पाहिलं. मग काही वर्षांनी त्या नवऱ्याजवळ परत गेल्या, तरी चूल निराळी, पाणी निराळं. टिळकांनी ते चालू दिलं, हे विसरू नये. आणि मग 1900 साली त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला. म्हणजे दोरीची दोन्ही टोकं ह्या एकाच बाईने हातात धरली होती. पदमनजी, कोसंबी, आगरकर, गॉस ह्यांच्यातल्या कुणालाही हे जमलेलं नाही, कारण ते सगळे एकाच टोकाला होते.

ह्यामुळे त्यांच्या पुस्तकात विचारणारे मूर्ख दिसत नाहीत. त्यांचा विनोद ज्याला म्हणतात तो इथे कामाला येतो. विचारणाऱ्याची भीती त्यांना आतून माहीत आहे. ती भीती देवाची नसते, फार तर चार आणे देवाची. उरलेली बारा आणे असते पंगतीची, पोरांच्या लग्नाची, मेल्यावर खांदा कोण देणार ह्याची. लक्ष्मीबाईंच्या मनात जेव्हा येतं की ही जातपात देवाने केली की माणसाने, तेव्हा त्यातून त्या प्रवचन काढत नाहीत. दुसऱ्याच्या हातचं खायचं-प्यायचं ठरवतात. निर्णय स्वयंपाकघरात होतो, कारण प्रश्न तिथूनच आलेला असतो. समीक्षक ह्याला ‘भाबडेपणा’ म्हणतात तेव्हा मला राग येतो. कोणता प्रश्न वाद घालण्याचा आणि कोणता पाणी पिऊन संपवण्याचा, हे कळायला भाबडेपणा चालत नाही.

एक गोष्ट मात्र पुस्तकात मला कमी पडते. नवीन घरातही विचारणारे असतात. टिळकांनी 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ काढला, तेव्हा ख्रिस्ती मंडळींच्या कपाळावरही आठ्या पडल्याच असतील. त्या बाजूच्या चौकशा लक्ष्मीबाईंनी इतक्या बारकाईने रंगवलेल्या नाहीत. सासर-माहेर जसं उघडं पडतं तसं हे तिसरं घर पडत नाही. त्या 1936 साली गेल्या. पुस्तकाचा शेवट त्यांच्या हातून झालाच नाही, पुढचं मुलाने लिहिलं. दोष द्यावा असं म्हणत नाही. पण त्यांच्याच नजरेने ते वाचायला मिळालं असतं तर हवं होतं.

आमच्याकडे ह्या विषयावर आत्मचरित्र नाही म्हणावं तर त्याहून जुनं काहीतरी आहे, आणि ते मला श्रद्धा गेल्यावरच नीट वाचता आलं. समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त सम्यग्दर्शनाची आठ अंगं सांगितली आहेत. त्यांतलं सहावं स्थितिकरण: जो ढळला त्याला पुन्हा धर्मात स्थिर करणं. माझ्या काकीजी, आक्का, मुनिसंघाबरोबर आलेल्या ब्रह्मचारिणी दीदी, सगळ्या हेच करत असतात, आणि ते त्यांचं कर्तव्यच आहे. त्यांना ‘चोंबड्या’ म्हणून मोकळं होणं सोपं, पण खोटं. मात्र यादीत स्थितिकरणाच्या आधी पाचवं अंग येतं, उपगूहन: दुसऱ्याचं उणं झाकणं. त्याची कथा जिनेंद्रभक्त शेठची. क्षुल्लकाचा वेश घेतलेल्या चोराने मंदिरातलं रत्न उचललं, लोकांनी त्याला पकडलं, तर शेठ म्हणाला, मीच आणायला सांगितलं होतं. प्रवचनात ही कथा दरवर्षी ऐकू येते. मंदिराच्या पायरीवर, चारचौघींसमोर ‘दर्शन झालं का’ विचारताना ती कुणाला आठवत नाही. चोराला जेवढी झाकपाक मिळाली तेवढी सुनेला मिळायला हरकत नसावी.

आणि स्थितिकरणाची जी कथा आहे, वारिषेणाची, ती मला विचारण्याच्या कलेचा नमुना वाटते. वारिषेण मुनींबरोबर पुष्पदालाने दीक्षा घेतली, पण त्याचं मन घरी बायकोपाशी. वारिषेण त्याला घेऊन स्वतःच्या राजवाड्यात येतो. राणी चेलनेला शंका येते की आपला मुलगाच तर ढळला नाही? ती आई आहे, ती विचारू शकली असती. ती दोन आसनं मांडते, एक रागी माणसाला शोभेलसं आणि एक विरागी माणसाचं. मुलगा साध्या आसनावर बसतो. तिला कळतं. तोंडातून शब्द नाही! प्रश्नच आहे, कडक प्रश्न आहे, पण दुसऱ्याला उत्तर न बोलण्याची मोकळीक ठेवलेला. पुढे वारिषेण आपल्या सजलेल्या राण्या बोलावून पुष्पदालाला दाखवतो, तो लाजतो आणि स्थिर होतो. हा दुसरा भाग मला पटत नाही. एका माणसाला धडा मिळावा म्हणून इतक्या बायकांना रांगेत उभं करणं मला रुचत नाही. पण चेलनेची आसनं पटतात.

माझी खरी अडचण दर्शनाची नाही, चौक्याची आहे. मुनी आहाराला येतात तेव्हा दारात उभं राहून ‘मनशुद्धी, वचनशुद्धी, कायशुद्धी’ म्हणावं लागतं, मग आहार-जल शुद्ध असल्याचं सांगायचं. कायशुद्धी मी म्हणू शकते, आंघोळ केलेली असते. आहार शुद्ध आहे, मीच रांधलाय, पाणी विहिरीचं, गाळलेलं. ‘मनशुद्धी’ हा शब्द माझ्याने निघत नाही. मी विश्वास ठेवत नाही. पण जो माणूस उभ्याने, हाताच्या ओंजळीत, दिवसातून एकदाच जेवतो त्याच्याशी खोटं बोलावं एवढी मी अजून सुटलेली नाही. म्हणून सगळा स्वयंपाक करते आणि वेळेला आत राहते. मागच्या चौमाशात ह्यावरून विचारणं झालं. “हात की तो सब बनी चीज तेरी, सामने क्यों नहीं आती?” बुआजींनी विचारलं. धाकट्या जावेने परस्पर सांगितलं की भाभींचे गुडघे दुखतात, इतका वेळ उभं राहवत नाही.

गुडघे दुखतात हेही खरंच आहे. जावेला मी कधी काही सांगितलेलं नाही, आणि तिने कधी विचारलेलं नाही. यंदाही ती वाढण्याचं ताट माझ्या हातून घेऊन पुढे गेली.