न गाणारी गायिका

मराठी रंगभूमीपासून दूर, नोकरीच्या गावी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना नाटक बहुधा पुस्तकातूनच भेटते. अमेरिकन नाटककार टेरेन्स मॅक्नॅली यांचे ‘मास्टर क्लास’ (१९९५) मलाही असेच भेटले. संगीतावरचे नाटक मुक्या पानांतून वाचताना जे उणे राहते, ते गृहीत धरूनच हे चार शब्द लिहीत आहे.

विख्यात ऑपेरा-गायिका मारिया कॅलास यांनी १९७१-७२ साली न्यूयॉर्कच्या जुलियार्ड संगीतविद्यालयात श्रोत्यांसमक्ष तरुण गायकांना जी तालीम दिली, तिच्यावर हे नाटक आधारलेले आहे. कथानक असे जवळजवळ नाहीच. प्रेक्षागृह हाच वर्ग. टाळ्या नकोत, आपण येथे कामासाठी जमलो आहोत, असे बाई आल्याआल्याच बजावतात. पहिली शिष्या सोफी. तिच्या तोंडून पहिला उद्गार निघतो न निघतो तोच बाई तिला थांबवतात, आणि मग त्या एका उद्गारावरच वर्ग अडून राहतो. स्वर लागला, पण त्यामागची व्यथा कोठे आहे? हा प्रवेश वाचताना आपल्याकडील एखाद्या बुजुर्गाने षड्जावरच महिनोन्महिने अडवून धरलेला शिष्य आठवल्यावाचून राहात नाही. पुढे एक तरुण ‘टोस्का’मधील गीत म्हणतो. ते ऐकून बाई कबूल करतात, की हे गीत आपण कधी नीट ऐकलेच नव्हते. त्या वेळी आपण आपल्या प्रवेशाची वाट पाहात विंगेत उभ्या असू! सबंध नाटकात मला सर्वांत आवडलेली जागा हीच.

परंतु या नाटकातील नायिका गात नाही. प्रत्यक्षातही बाईंनी १९६५ नंतर ऑपेराच्या रंगमंचावर पाऊल ठेवले नव्हते. नाटकात त्यांचे गाणे येते ते स्मृतिप्रवेशांत, जुन्या ध्वनिमुद्रिकांतून. एकदाच त्या लेडी मॅक्बेथची ओळ उचलू पाहतात आणि फुटका, चिरका आवाज बाहेर पडतो. आपल्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकात खाँसाहेबांचा हेका आपण सोसतो, कारण वसंतराव देशपांडे यांच्या कंठातून त्यांची विद्या कानांवर पडत असते. येथे अभिनेत्रीला ते सर्व केवळ बोलण्यातून उभे करावयाचे असते. झोई कॉल्डवेल यांनी ते न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर साधले आणि १९९६ चे टोनी पारितोषिक मिळविले.

माझी तक्रार निराळीच आहे. त्या वर्गांची खरी ध्वनिमुद्रणे पुढे प्रसिद्ध झाली. त्यांत ऐकू येणाऱ्या बाई काटेकोर, पण शांत आणि सौजन्यशील आहेत. शिष्यांना दाखविण्यासाठी त्या स्वतः गातातही. नाटककाराने गाणे काढून घेतले आणि त्या जागी विखार भरला. नाट्याला तो मानवतो, हे खरे. पण अथेन्समध्ये एल्व्हिरा द इदाल्गो या गुरूंजवळ शिकताना सकाळपासून इतरांचे धडेही ऐकत बसणारी विद्यार्थिनी या चित्रात हरवून जाते.

मॅक्नॅलींना याची जाणीव नसेल असे नाही. शेवटची शिष्या शॅरन लेडी मॅक्बेथचा कठीण प्रवेश जिद्दीने पुरा करते आणि बक्षीस मिळते ते हे, की आपल्या मर्यादांना झेपेल असे काही हलके निवड! ती उसळते. तुमचा आवाज गेला म्हणून आम्ही गाऊ नये काय, असा तिच्या संतापाचा आशय आहे. या प्रश्नाला नाटकात उत्तर नाही. शॅरन निघून जाते, आणि नाटककार बाईंच्या तोंडी कलेच्या महतीचे एक सुंदर भाषण घालून पडदा पाडतो. ते भाषण वाचताना माझे लक्ष मात्र दाराबाहेर गेलेल्या त्या मुलीकडेच लागून राहिले होते.