'तुंबाड'मधील अग्नी : एक धर्मशास्त्रीय परीक्षण

भालकी, बसवकल्याण किंवा आळंद तालुक्यांतील मराठी बोलणाऱ्या खेड्यांत ज्यांनी काही वर्षे मेषपालकीय सेवा केली आहे, त्यांना पुढील प्रसंग परिचयाचा असेल. घरात कुणी वारले की महिना-दोन महिन्यांनी त्या घरातील एखादी व्यक्ती दिवेलागणीला धर्मगुरूंकडे येते. आई स्वप्नात येते, समोर उभी राहते, बोलत मात्र नाही, असे हळू आवाजात सांगते. थोडे अधिक विचारले की कळते, शेवटच्या आजारात आईची हेळसांड झाली होती, किंवा भावाच्या वाट्याची जमीन आपल्या नावे करून घेतली होती. भुताच्या भयामागे पुष्कळदा अशी अपराधाची जाणीव दडलेली असते. म्हणून भयपटाकडे धर्मगुरूंनी व धर्मशिक्षकांनी निव्वळ करमणूक म्हणून पाहू नये, असे आम्हांस वाटते.

राही अनिल बर्वे दिग्दर्शित 'तुंबाड' हा चित्रपट १२ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रदर्शित झाला आणि २०२४ साली पुन्हा चित्रपटगृहांत आला. त्याची भाषा हिंदी असली तरी मनोभूमी मराठी आहे. नारायण धारप यांच्या कथेची त्यामागे प्रेरणा आहे, तर नाव श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या कादंबरीवरून घेतले आहे. कथा १९१८, १९३३ व १९४७ अशा तीन खंडांत विभागली आहे. समृद्धीच्या देवतेचा पहिला पुत्र हस्तर सोन्यावर हक्क मिळवतो. धान्याची हाव धरताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. माता त्याला वाचविते, पण त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. कोकणातील वाड्याखाली, देवीच्या गर्भात, तो भुकेला पडून आहे. विनायकराव कणकेची बाहुली घेऊन दोराने खाली उतरतो, हस्तर तिच्यावर झडप घालतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून हाती लागतील तेवढ्या मुद्रा घेऊन वर पळतो. पुढे हीच विद्या तो पांडुरंग या आपल्या मुलाला शिकवितो.

या चित्रपटाच्या दोन गोष्टी आम्हांस मोलाच्या वाटतात. पहिली ही की, पाप येथे वारसाहक्काने उतरते. बाप मुलाला दोर धरायला शिकवितो, तेव्हा मूळ पापाच्या सिद्धान्तावरील आपली अनेक प्रवचने फिकी पडावीत. दुसरी म्हणजे नरकाचे चित्र. हस्तराचा स्पर्श झालेली आजी मरूच शकत नाही. पंधरा वर्षांनी विनायक परततो तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले आहे आणि हृदय धडधडतेच आहे. लूकच्या सोळाव्या अध्यायातील श्रीमंत मनुष्य ज्या अवस्थेतून पाण्याचा एक थेंब मागतो, ती अवस्था याहून वेगळी नसावी.

तथापि या चित्रपटाशी आमचा मतभेद आहे तो अग्नीच्या बाबतीत. त्यात तीन माणसे जाळली जातात. हस्तराचे रहस्य सांगून आजी नातवाकडून स्वतःला जाळून घेते. विनायकाच्या कपटाने हस्तराच्या तावडीत सापडलेला सावकार राघव जाळला जातो. अखेरीस हस्तराचा स्पर्श झालेला विनायक लंगोट पुढे करतो. पांडुरंग तो नाकारतो आणि रडत रडत बापाला अग्नी देतो. तिन्ही वेळा जाळणे हीच दया ठरते. यातना संपाव्यात म्हणून माणूसच संपवावा लागतो. मुलाने लोभ नाकारला, हे थोर खरे. पण बापाचा अपराध आहे तेथेच राहिला. त्याला कुणी क्षमा केली नाही आणि त्यानेही ती मागितली नाही.

संत पौलाने करिंथकरांस पाठविलेल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात वेगळ्या अग्नीविषयी लिहिले आहे. तेथे माणसाचे काम जळून जाते, पण माणूस मात्र अग्नीतून गेल्यासारखा तारला जातो. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 'स्पे साल्वी' या २००७ च्या विश्वपत्रात काही धर्मपंडितांचे मत नमूद केले आहे : हा अग्नी म्हणजे स्वतः ख्रिस्तच, आणि त्याची दृष्टी जाळते तीच बरेही करते. शुद्धिस्थानाची शिकवण धमकी म्हणून सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

येथे एका फ्रेंच-इटालियन चित्रपटाची आठवण होते. 'इस्त्वार एक्स्ट्राऑर्दिनेर' (१९६८) मध्ये एडगर ॲलन पो याच्या तीन कथा रोजे वादिम, लुई माल व फेडेरिको फेलिनी यांनी एकेक करून रंगविल्या आहेत. मालच्या कथेतील विल्यम विल्सन आपल्याच प्रतिरूपाचा खंजिराने खून करतो व चर्चमध्ये धाव घेऊन धर्मगुरूपुढे सर्व सांगतो. धर्मगुरूचा त्यावर विश्वास बसत नाही. विल्सन मनोऱ्यावर चढून खाली उडी घेतो. 'तुंबाड'मध्ये ऐकणारा कुणी नाही. येथे आहे, पण त्याने ऐकले नाही. दुसरी गोष्ट अधिक भयंकर आहे.

हे लिहिताना आम्ही स्वतःस वगळत नाही. पुरोहितपणाच्या सुरुवातीच्या वर्षांत, स्वप्नाची तक्रार घेऊन आलेल्या एका बाईला 'हे मनाचे खेळ आहेत' असे सांगून आम्ही दारातूनच परत पाठविले होते. ती पुन्हा आली नाही. बाधा झालेल्यांना गाणगापूरच्या दत्तमंदिरात नेण्याची या भागात जुनी रीत आहे. आपल्या मंडळीतील कुणी तिकडे गेल्याचे कळले की आपण रागावतो; त्याआधी तो आपल्या दारी येऊन गेला होता काय, हे विचारीत नाही.

अशा माणसाला हसू नये व दटावू नये. बसवून घ्यावे आणि शेवटपर्यंत ऐकावे. अपराध असेल तर प्रायश्चित्त संस्काराकडे न्यावे. जक्कयाने चौपट परत देण्याचे कबूल केले होते. भावाची जमीन असेल तर ती परत करण्याचा विषय संकोच न करता काढावा. मग २ नोव्हेंबरची वाट न पाहता मृताचे नाव घेऊन मिस्सा अर्पावी, आणि त्या वेळी घरच्यांना जवळ उभे करावे. आई स्वप्नात आली तरी तिच्यासाठी प्रार्थना करता येते, एवढे जरी त्यांना कळले तरी भयाचा जोर ओसरू लागतो.