'नंबर' आणि 'पाळी'

शेवगावच्या एका दवाखान्यात बसलो असता शेजारच्या वृद्ध शेतकऱ्याने आम्हांस विचारले, "सर, तुमचा नंबर कितवा?" पुढे बोलण्याच्या ओघात, आपला 'नंबर' ओढ्यापलीकडे आहे आणि चष्म्याचा 'नंबर' वाढल्याने तिकडचा बांध नीट दिसत नाही, असेही त्याने सांगितले. एकच शब्द तीन अर्थांनी येऊन गेला. समजण्यास अडचण कोठेही पडली नाही.

शेतास नंबर म्हणणे आम्हांस पूर्वी गावंढळपणाचे वाटे. ते तसे नाही. इंदापूर तालुक्यात १८३६ साली गोल्डस्मिड व विंगेट ह्यांच्या जमाबंदीने एकेक शेत हाच आकारणीचा घटक धरला; पुढे १८७९ च्या मुंबई जमीन महसूल कायद्याने 'सर्व्हे नंबर' म्हणजे जमिनीचा तुकडाच, अशी व्याख्या केली. शेतकरी कायद्याचीच भाषा बोलत होता! चष्म्याच्या बाबतीत इंग्रज भिंगाची शक्ती सांगतो; 'नंबर' तेथे आपण बसविला. उलट व्याकरणातील वचन, मासिकाचा अंक, जुन्या कवींच्या तोंडी तर पद्यरचना, हे त्या शब्दाचे मूळचे अर्थ आपण सीमेवरच अडविले. अमक्याचा नंबर आला, असे इंग्रज म्हणतो तेव्हा तो मनुष्य मरणाच्या दारी असतो; आपल्याकडे नंबर आला म्हणजे डॉक्टर भेटतो. (दोहोंचा संबंध नसावा.)

सावरकरांच्या भाषाशुद्धीने 'क्रमांक' हा प्रतिशब्द पुढे केला व तो कागदोपत्री उत्तम रुजला. परंतु उत्कृष्ट वस्तूस 'एक क्रमांक' आणि चोरट्या व्यापारास 'दोन क्रमांकाचा' कोण म्हणेल? इतक्या ठिकाणी रुळलेल्या शब्दास हुसकावण्याचा खटाटोप आम्हांस व्यर्थ वाटतो. आमची तक्रार निराळी आहे. दळणाची, नळाची, न्हाव्याकडची 'पाळी' ह्या शब्दाने गिळली. पाळी ही ओळखीच्या माणसांत फिरते. आज तुमची, उद्या आमची, आणि ती पुन्हा येते. नंबर चिठ्ठीवर मिळतो. पुढचा कोण, मागचा कोण, हे ठाऊक असण्याचे कारण उरत नाही. हा अर्थभेद मराठीत होता आणि तो आपण आळसाने गमावीत आहोत.

इतक्यात आतून पुकारा झाला. म्हातारा उठता उठता सोबतच्या मुलास म्हणाला, "लवकर आटपाया पाहिजे. पाटाच्या पाण्याची आज आपली पाळी हाये."